विन्कोची कमाई कुणी पाहिली?

"भाड्याचं घर मिळवायला अक्कल लागत नाही, छाती लागते," गाडी चालवता चालवता विन्को बायकोला म्हणाला. "आत जायचं, सही ठोकायची, किल्ली खिशात घालायची. उद्या दुपारचं जेवण इवानाकडे!"

कूबर पीडीहून अ‍ॅडलेड म्हणजे दिवसभराचा रस्ता, आणि नवऱ्याच्या छातीबद्दल रूझानं लग्नापासून इतकं ऐकलं होतं की अशा वेळी ती गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत बसे.

खिडकीचं सांगायलाच हवं. ओपल नावाच्या रंगीत दगडांच्या खाणींवर जगणाऱ्या आमच्या कूबर पीडीत उन्हाळ्यात डोकं भाजून निघतं, म्हणून निम्मं गाव टेकडीच्या पोटात घरं कोरून राहतं. घर थंडगार, आणखी एक खोली हवी झाली तर यंत्र लावायचं नि कोरायची. फक्त खिडकी नाही. क्रोएशियातून लग्न होऊन आल्यापासून रूझानं दगडाकडे तोंड करून भांडी घासली आणि तक्रार केली नाही. पण मुलीला, इवानाला, अ‍ॅडलेडमध्ये जुळं होणार हे कळलं, आणि नेमकं तिच्यापासून दोन गल्ल्यांवर एक घर भाड्याला निघालं. घर दाखवायच्या दिवशी तिथे जत्रा होती. कुणी कपाटं उघडत होतं, कुणी नळ सोडून बघत होतं. रूझा स्वयंपाकघरात गेली, सिंकसमोरच्या खिडकीतून मागच्या लिंबाच्या झाडाकडे बघत उभी राहिली, ती हलेचना. शेवटी एका बाईनं तिलाच भाडं किती म्हणून विचारलं.

"हेच घर," बाहेर आल्यावर ती विन्कोला म्हणाली. "पोरं व्हायच्या आत मिळालं तर दोघं राहू. नाही मिळालं तर मी इवानाच्या सोफ्यावर झोपेन, तू राहा तुझ्या भोकात."

हे ती अगदी हळू बोलली. रूझा ओरडली तर संध्याकाळी जेवण मिळत असे. हळू बोलली की काही खरं नसे. म्हणून तर ही छाती घेऊन विन्को आज दलालाच्या कचेरीत निघाला होता.

कचेरीत ब्रॉन्विन नावाची चुणचुणीत मुलगी बसली होती. तिनं गेल्या काही महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागितल्या.

"पगार? मला कोण पगार देणार? मी कुणाचा नोकर नाही," विन्को ऐटीत म्हणाला. "माझी स्वतःची ओपलची खाण आहे."

मग तिनं आयकराचे कागद मागितले. ते त्यानं दिले. ती वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा चेहरा मऊ होत गेला. त्या कागदांवर विश्वास ठेवायचा, तर हा माणूस कित्येक वर्षं उपाशी होता. तिनं उठून त्याला पाणी आणून दिलं, बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि अगदी जपून विचारलं, की बटाटे घ्यायची ऐपत नसताना तुम्ही भाडं कशातून देणार?

आता यात विन्कोचा एकट्याचा दोष नाही. आमच्या गावात कुणाला "काय, रंग दिसला का?" असं, म्हणजे ओपल सापडला का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "कसलं काय!" खिसा फुगलेला असला तरी तेच. उलट ज्याचा खिसा जास्त फुगलेला, त्याचा चेहरा जास्त लांब. कारण जो "बरं चाललंय" म्हणेल त्याच्या खाणीत अंधार पडला की घुशी उतरतात. घुशी म्हणजे दोन पायांच्या, आयता माल उकरून नेतात आणि दुसऱ्या दिवशी क्लबात तुमच्याच शेजारी बसून "कसलं काय!" म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे श्रीमंत कोण नि गरीब कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. सगळ्यांच्या गाड्यांची दारं तारेनं बांधलेली.

आणि या रडगाण्यात विन्कोचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा चांगला दगड विकून तो घरी येत होता, तर वाटेत फादर लुका भेटले. विन्कोनं सवयीनं असा काही गळा काढला की दुसऱ्या दिवशी चर्चकडून सूपच्या डब्यांचं खोकं घरी आलं. ते खोकं बघून रूझाचे डोळे भरून आले. विन्कोनं सूप प्यायलं.

तर ब्रॉन्विननं विचारलं, घरात आणखी कुणाची कमाई आहे का?

"छे! ही आपली वृद्धाश्रमात स्वयंपाक करते," विन्को म्हणाला. "तेवढाच तिचा वेळ जातो."

रूझानं पर्सकडे नेलेला हात परत मांडीवर ठेवला.

मग ब्रॉन्विननं मार्ग काढला. तुमचं काम जवळून पाहिलेला कुणी माणूस सांगा, म्हणाली, मी त्याला फोन करून विचारते. एवढंच ना! विन्कोनं ताबडतोब थानासिसचा नंबर दिला. थानासिसची खाण त्याच्या खाणीला लागून, आणि तीस वर्षांत दोघांचं भांडण झालं असेल ते फक्त फुटबॉलवरून. थानासिस आपल्यासाठी जीव देईल याची विन्कोला खात्री होती.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? मित्राला आधी सांगून ठेवील. पण सांगायचं म्हणजे शहरात घर घेतोय हे फोडायचं, आणि कूबर पीडीचा माणूस शहरात घर घेतो तो काही सापडल्याशिवाय नाही! म्हणून विन्कोनं गावात सांगितलं की रूझाचा गुडघा दाखवायला गेलो होतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

दोन दिवसांनी थानासिस हसत हसत त्याच्या दारात उभा राहिला.

"विन्को, लेका, आज तुझी मान सोडवली मी. बिअर पाज."

"कशातून सोडवली?"

"एका बाईचा फोन आला होता. गोड आवाज. विन्को वर्षाला किती कमावतो म्हणे! मी म्हटलं, हं! बाई, तू कर खात्यातली तरी असशील नाहीतर घुशींपैकी तरी."

विन्को खुर्चीत बसला. "मग काय सांगितलंस?"

"जे सांगायचं तेच. म्हटलं, विन्को? अहो, त्याला रंग दिसून किती वर्षं झाली! माझ्या गाडीचे जुने टायर वापरतो बिचारा. मुलगी पैसे पाठवते तेव्हा घरात चूल पेटते. ती म्हणाली, नक्की का? मी शपथ घेतली रे तुझ्यासाठी, आईची! शेवटी बाई रडायच्या बेतात आली होती."

विन्कोनं कपाळावर हात मारला. मग नाइलाजानं सगळं सांगितलं: घर, खिडकी, रूझा, सोफा. थानासिस ऐकत गेला आणि त्याचं तोंड हळूहळू उघडत गेलं. त्याला घराबद्दल काही वाटलं नाही. त्याला एवढंच कळलं की विन्कोला कमाई दाखवायची आहे.

"म्हणजे कमाई आहे," तो म्हणाला.

"थानासी, तसं नाही."

"मला नको सांगू. मी कुणाला बोलणार नाही."

तो बोललाही नसेल. पण क्लबात जाऊन तो विन्कोच्या नावानं नुसता गप्प बसला, आणि थानासिस गप्प बसतो म्हणजे प्रकरण मोठं आहे हे बाकीच्यांनी ओळखलं. दुसऱ्या दिवशी विन्कोच्या खाणीभोवती चारी बाजूंना लोकांनी आपापल्या हद्दीचे खुंट ठोकले. त्याला स्वतःच्या खाणीत उतरायला तिघांची परवानगी घ्यावी लागली. दारात दगडांचे व्यापारी येऊन बसले. क्लबात शिरला तर सगळे प्याले उंचावून त्याच्याकडे बघू लागले, कारण ज्याला सापडलं त्यानं सगळ्यांना पाजायची हा आमचा जुना धर्म आहे. "कसलं काय!" म्हणून विन्को कळवळून ओरडला. त्यावर एक म्हातारा म्हणाला की इतका खोल आवाज त्यानं फक्त कोट्यधीशांचाच ऐकलाय. विन्कोनं पाजली. पाजली म्हणताच खात्री पटली.

फादर लुकाही येऊन गेले. आमचं चर्चही डोंगरात कोरलेलं, छप्परच नाही, त्यामुळे छपराच्या दुरुस्तीची वर्गणी मागायची त्यांची फार दिवसांची पंचाईत होती. म्हणून त्यांनी नव्या घंटेसाठी वर्गणी मागितली. निघताना सूपच्या डब्यांचाही हळूच उल्लेख केला.

एवढ्या सगळ्यांपैकी एकानं तरी दोन ओळी लिहून द्याव्यात म्हणून विन्को दारोदार फिरला. माझी कमाई आहे एवढं लिहून द्या! पण तोंडी त्याला राजा म्हणणारे लोक कागद दिसताच कानांवर हात ठेवत. आज विन्कोचं लिहून दिलं, उद्या कुणी आपलं विचारलं तर?

रूझानं हे सगळं पाहिलं. बुधवारी तिनं पिशवी भरली. इवानाचे पाय सुजलेत, पोरं लवकर होतील असं डॉक्टर म्हणतात, मी बसनं पुढे जाते, म्हणाली. विन्कोनं विचारलं, परत कधी येशील? ती म्हणाली, बघू. हेही हळूच म्हणाली.

इकडे थानासिसला पश्चात्ताप झाला होता. मित्राचं आपण नुकसान केलं, ते आपणच भरून काढायचं, असं ठरवून त्यानं विन्कोला न विचारता ब्रॉन्विनला स्वतः फोन लावला. विन्को भिकारी नाही, म्हणाला, विन्कोला पावाच्या लादीएवढा ओपल सापडलाय, तो तुमची अख्खी गल्ली विकत घेईल. आणि पुन्हा आईची शपथ घेतली.

संध्याकाळी ब्रॉन्विनचा विन्कोला फोन आला. आता तिच्या आवाजात बिस्किटं नव्हती. सोमवारी जो माणूस अन्नाला महाग होता तो गुरुवारी गल्ली विकत घेतो, असं एकच साक्षीदार एकाच आईची शपथ घेऊन सांगतो, तर आम्ही यातलं काय खरं धरायचं? तरी घरमालक उद्या ठरवणार आहेत, तुमच्याकडे काही ठोस असेल तर स्वतः घेऊन या.

फोन ठेवल्यावर विन्को स्वयंपाकघरात बसून राहिला. घरात रूझा नव्हती. चुलीवर काही नव्हतं, रेडिओ बंद होता, आणि टेकडीच्या पोटात रेडिओ बंद असला की जी शांतता होते ती त्याला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आली. तो घाबरला. खाण कोसळताना घाबरला नव्हता एवढा घाबरला. मग उठून त्यानं चुलीमागचा गिलावा हातोडीनं फोडला आणि आतून कॉफीची एक मोठी काचेची बरणी काढली.

तर अशी गोष्ट होती. दर चांगल्या मालातला एकेक उत्तम दगड त्यानं या बरणीत टाकला होता. वाईट दिवसांसाठी. बरणीचं थानासिसला माहीत नव्हतं, फादरला माहीत नव्हतं, आणि रूझालाही माहीत नव्हतं. तिनं विचारलं की तिलाही तो गावाला सांगायचा तेच सांगायचा. एकदा तोंडाला वळण लागलं की ते दारात चपला काढून घरात थोडंच शिरतं!

रात्रभर गाडी चालवून सकाळी त्यानं ब्रॉन्विनच्या टेबलावर बरणी ओतली. लाल, हिरवे, निळे जाळ टेबलभर पसरले. शेजारच्या टेबलांवरची माणसं उठून आली.

"किती सुंदर!" ब्रॉन्विन म्हणाली. "पण हे दर पंधरवड्याला येतात का?"

"दर पंधरवड्याला? बाई, हे येतात तेव्हा येतात."

"मग याला कमाई म्हणता येत नाही हो. आणि खरं सांगायचं तर घर आज कचेरी उघडताच गेलं, किल्लीही दिली."

कुणाला गेलं, त्यानं विचारलं. नाव सांगायची आम्हाला परवानगी नाही, म्हणाली. एका बाईंना. वर्षानुवर्षं एकाच जागी नोकरी, पंधरवडा चुकला नाही की पगार चुकला नाही, सगळ्या पावत्या तारीखवार लावलेल्या. एकट्याच राहणार आहेत. असे भाडेकरू मिळत नाहीत. हे सांगताना ब्रॉन्विन त्याच्याकडे जरा विचित्र बघत होती, पण विन्कोचं लक्ष दगड गोळा करण्याकडे होतं.

इवानाच्या घरापर्यंत तो त्या बाईच्या नावानं बोटं मोडत गेला. एकट्या बाईला एवढं घर कशाला? तिला कुठे जुळी नातवंडं होताहेत? तिला खिडकीची काय कदर! आणि मध्येच त्याचा आवाज बंद पडे, कारण आता रूझाला काय सांगायचं हे त्याला सुचत नव्हतं. छातीच्या गोष्टी तर कधीच बंद झाल्या होत्या.

इवानानं पोट सांभाळत दार उघडलं. बापाकडे, बरणीकडे आणि पुन्हा बापाकडे पाहिलं.

"आई इथे नाही, पपा. दोन गल्ल्या पलीकडे आहे. आणि आधी दाढी करून जा."

तो दाढी न करताच गेला. पुढच्या दाराची घंटा वाजवायचं धैर्य होईना म्हणून मागच्या अंगणातून शिरला. लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला. समोर खिडकी होती, आणि खिडकीच्या आत, हात साबणाच्या फेसात घालून, रूझा उभी होती. घरात अजून सामान नव्हतं. एकच कप होता आणि तोच ती पुन्हा पुन्हा धूत होती.

त्याला बघून तिनं नळ बंद केला.

"काय हवंय?"

"रूझा, तू? ती बाई तू?" विन्को म्हणाला. "मग आधी का नाही बोललीस?"

"बोलणार होते. पर्स उघडत होते. तेवढ्यात माझा वेळ जातो असं कळलं."

विन्कोनं बरणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. दुपारचं ऊन तिच्यावर पडलं आणि रंग रूझाच्या हातांवर, फेसावर, भिंतीवर सांडले.

"हे कधीपासूनचं?"

"इवाना झाली त्या वर्षापासून."

"गावाला खोटं सांगायचास ते ठीक," रूझा म्हणाली. आता तिचा आवाज हळू नव्हता, नुसता दमलेला होता. "गावाला सगळेच सांगतात. पण मला? त्या सूपच्या डब्यांपुढे बसून मी रडले रे, विन्को. मला वाटलं, याला खायला घालायचं तर मलाच काही केलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्या आश्रमात जाऊन मी नोकरी मागितली."

लिंबाच्या झाडात कुठलासा पक्षी ओरडत होता. विन्कोला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या रडगाण्याची लाज वाटली, आणि लाज वाटली की माणसाला हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, तसं त्याचं झालं.

"मला वाटायचं, सांगितलं की नजर लागते," तो म्हणाला. "रूझा, मला आत घे. त्या घरात तू नसलीस की नुसता खड्डा उरतो."

"कागदावर मी एकटी आहे. दुसरं माणूस ठेवायचं तर त्याची कमाई बघावी लागते."

"बघ की! समोर ठेवलीय."

"हे दर पंधरवड्याला येतं का?"

विन्कोनं तोंड उघडलं. सवयीनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, कुंपणापलीकडे कुणी नाही ना याची खात्री केली, आणि मग खिडकीत तोंड घालून, आवाज अगदी खाली आणून, जन्मात पहिल्यांदा त्यानं बायकोला खरा आकडा सांगितला. चांगल्या वर्षाचाही आणि वाईट वर्षांचाही. वाईट वर्षंच जास्त निघाली. रूझानं सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसले.

"मागचं दार उघडं आहे," ती म्हणाली. "पाय पुसून ये. आणि बरणी मला दे, ती डिपॉझिट म्हणून राहील."

तर विन्को आता अ‍ॅडलेडला असतो. जुळी रांगायला लागली आहेत, आजी खिडकीशी उभी राहून दोघांना पक्षी दाखवते. महिन्यातून एकदा विन्को खाणीवर येतो, आणि क्लबात बसला की आम्ही विचारतो, बरणीचं काय झालं? तो सांगतो, बाहेर सगळीकडे आहे तसाच नियम आहे: घर सोडताना घराची मोडतोड झालेली नसेल तर डिपॉझिट पूर्ण परत. पण गेल्या महिन्यात भांडी विसळताना त्याच्या हातून रूझाची लग्नातली बशी फुटली, आणि त्या एका बशीच्या भरपाईत लाल दगड तर सगळेच गेले.